शेवाळाचं डिझेल, उंडीचं तेल आणि नोझलचा आवाज

जून-जुलै हा आमचा सीझन. मासेमारीला बंदी, बोटी वर ओढलेल्या, आणि रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात ज्याला त्याला आपलंच इंजिन आधी उघडून हवं असतं. माझं गॅरेज बंदराला लागूनच. वर्षभर जे तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, फोनवर "मेस्त्री, इंजिन धूर टाकतंय, काय करू?" एवढंच विचारतात, ते या दोन महिन्यांत दारात खुर्ची टाकून बसतात.

यंदा एका ट्रॉलरचं बूड साफ करायचं काम चालू होतं. पोरं पत्रे घेऊन खरवडत होती. हिरवं, बुळबुळीत, बोटभर लांब शेवाळ, आणि त्याच्या बुडाशी दगडासारखे चिकटलेले कवचवाले जीव. ते निघतात तेव्हा लाकडाचा टवका घेऊनच निघतात. फिशरीज कॉलेजात शिकणारा माझा भाचा तिथं मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. म्हणाला, "मामा, हे फेकताय काय? शेवाळापासून डिझेल होतं."

खुर्चीवर बसलेले तांडेल चाचा म्हणाले, "होत असेल बाबा. सध्या तरी ते माझं डिझेल पितंय."

चाचांचं म्हणणं शंभर टक्के खरं. बुडाला शेवाळ धरलं की बोट जड होते. तोच वेग ठेवायचा तर थ्रॉटल वाढवावा लागतो, धूर काळा पडतो, आणि फेरीचा हिशेब जुळेना की उगाच एखाद्या खलाशावर डिझेल विकल्याचा संशय येतो. बूड खरवडून रंग मारला की तीच बोट, तेच इंजिन, आणि टाकी जास्त पुरते. डिझेल वाचवायचा याहून स्वस्त उपाय मला अजून कुणी दाखवलेला नाही.

भाचाही खोटं बोलत नव्हता. त्याचं शेवाळ वेगळं, एवढंच. बुडाला लटकतं ते हिरवं काय, किंवा हिवाळ्यात खडपांवर वाढणारं तपकिरी सरगॅसम काय, यांच्यात तेल नावालाच असतं. पाणी, मीठ आणि चिकट, पिठूळ माल जास्त. ते कुजवून गॅस करता येतो, आंबवून अल्कोहोल करता येतं. डिझेलसाठी लागतं ते शेवाळ नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, एकेका पेशीचं असतं. क्लोरेला, नॅनोक्लोरोप्सिस ही त्यांची नावं. ते स्वतःच्या पोटात तेलाचे थेंब साठवतं, आणि चांगल्या जातीत, नीट परिस्थितीत, वाळलेल्या वजनाच्या पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त तेल निघतं. शेतजमीन लागत नाही, खारं पाणी चालतं, पीक काही दिवसांत दुप्पट होतं. कागदावर याच्या तोडीचं दुसरं पीक नाही.

आणि तसं बघायला गेलं तर आपण आजही शेवाळावरच बोटी चालवतो. जुन्या समुद्रांतले असे सूक्ष्म जीव मरून तळाशी बसले, वर चिखलाचे थर आले, हवा लागली नाही म्हणून पूर्ण कुजले नाहीत, आणि कोट्यवधी वर्षं दाबात आणि उष्णतेत शिजून त्यांचं खनिज तेल झालं. गोळा करायचं, पाणी काढायचं, दाबायचं, मुरवायचं सगळं काम आधीच झालेलं. माणसानं फक्त भोक पाडायचं. 1974 मध्ये मुंबईच्या समुद्रात 'सागर सम्राट'नं तेच केलं आणि बॉम्बे हाय सापडलं. आता तेच काम एका आठवड्यात, उघड्या तळ्यात, पगारी माणसं ठेवून करायचं म्हणजे काय, हे मी भाच्याला हिशेब मांडूनच दाखवलं. कागद माझाच, ऑइलचे डाग पडलेला.

उघड्या तळ्यातल्या दाट हिरव्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम सुकं शेवाळ धरू. हे उदारपणे धरलंय, बऱ्याचदा याच्या निम्मंच असतं. त्यात 25 टक्के तेल. एक लिटर तेलाचं वजन साधारण 900 ग्रॅम. म्हणजे सुकं शेवाळ लागलं 3.6 किलो आणि पाणी उपसलं 3,600 लिटर. आमच्याकडचं शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरावर तासाला 18 लिटर डिझेल सहज खातं. त्या एका तासासाठी 64,800 लिटर पाणी गाळायचं. दहा हजारी टँकर धरले तर साडेसहा! ताक घुसळून लोणी काढायचं ठीक आहे हो, पण इथं साडेसहा टँकर ताकातून जेमतेम सोळा किलो लोणी. बरं, ते पाणी फिरवायला पंप, शेवाळ वेगळं करायला यंत्र, वाळवायला उष्णता. या सगळ्याला वीज लागते, आणि ती वीज कुठून आली हे विचारायचंच राहून जातं.

भाचा म्हणाला, "जात सुधारता येते की. जास्त तेलाची."

येते. पण त्यातही गोम आहे, आणि ती मला सर्वात मजेशीर वाटली. शेवाळ पोटभर खाऊन-पिऊन असतं तेव्हा वाढतं, तेल साठवत नाही. तेल साठवायला लावायचं तर त्याचा नायट्रोजन तोडायचा, म्हणजे उपाशी ठेवायचं. उपाशी ठेवलं की तेल धरतं, पण वाढ थांबते. एका हातानं दिलं की दुसऱ्या हातानं काढून घेतलं. शिवाय तळं उघडं असलं की त्यात शेवाळ खाणारे बारीक जीव येतात आणि सगळं हिरवं तळं चट्ट करून टाकतात. समुद्रात फुकट शेवाळ वाढलं की खाणारे येणारच. तारली आणि बांगडा त्याच जेवणावळीवर पोसले जातात, आणि आमच्या पोटाला मासळी मिळते. मग तळ्यातल्यांनी का येऊ नये?

अमेरिकेनं हा हिशेब फार पूर्वी करून पाहिला. तेलटंचाईच्या दिवसांत, 1978 मध्ये, त्यांच्या सरकारनं यावर एक मोठा संशोधन कार्यक्रम सुरू केला आणि 1996 मध्ये बंद केला. तीन हजारांच्या आसपास जाती जमवल्या, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी भागात रॉसवेलला उघडी तळी बांधली. शेवाळ वाढलं, रात्रीच्या थंडीनं मंदावलं, तेलही निघालं. भाव मात्र खनिज तेलाशी जुळला नाही. पुढे 2009 मध्ये एक्सॉनमोबिल या तेल कंपनीनं जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या कंपनीबरोबर 60 कोटी डॉलरपर्यंत खर्च करायची घोषणा केली. 2017 मध्ये त्यांच्या शास्त्रज्ञांनी नॅनोक्लोरोप्सिसमधलं तेल दुपटीनं वाढवून 40 टक्क्यांपर्यंत नेलं, तेही वाढ फारशी न घटवता. मोठीच गोष्ट ती. तरी 2023 मध्ये कंपनी त्यातून बाहेर पडली. मधली सगळी वर्षं हिरव्या शेवाळाच्या जाहिराती मात्र जोरात चालल्या होत्या. शास्त्रज्ञांबद्दल माझं काही म्हणणं नाही. जाहिरातवाल्यांबद्दल आहे.

आपल्याकडेही भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेनं 2012 मध्ये सूक्ष्म शेवाळाच्या बायोडिझेलवर गाडी चालवून दाखवली. म्हणजे होतं हे नक्की. गाडी चालते. पेट्रोल पंप चालत नाही.

हे सगळं ऐकून चाचा म्हणाले, "एवढं पाणी गाळण्यापेक्षा आपली उंडी काय वाईट?"

हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात बसला.

उंडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: समुद्रालगत, पुळणीच्या कडेला वाढणारं झाड. जाड, चकचकीत पानं, त्यावर केसासारख्या बारीक समांतर रेषा. पांढरी वासाची फुलं आणि सुपारीपेक्षा थोडी मोठी गोल हिरवी फळं. खारा वारा, वाळू, काहीही चालतं. वटवाघळं फळाचा वरचा गर खातात आणि बी टाकून देतात, त्यामुळे ज्या झाडावर त्यांचा मुक्काम, त्याखाली बियांचा सडा असतो. लाकूड होड्यांना वापरायचे. बियांचं तेल म्हणजे कडू तेल. घरात वीज नव्हती तेव्हा दिव्याला तेच. मालगुंडच्या बाजूला माझी मावशी राहते, तिच्या घरामागे उंडीची जुनी झाडं आहेत. तिला म्हटलं, बिया हव्यात, इंजिनात घालायच्या आहेत. ती म्हणाली, "इंजिनाला कशाला, माझ्या गुडघ्याला ठेव थोडं."

बिया फोडून आतला गर काढला तर पांढरट निघतो. उन्हात वाळत ठेवला की हळूहळू तांबूस-तपकिरी होतो आणि हाताला चिकटायला लागतो. तेव्हा तो घाण्यावर जायला तयार. गराच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त तेल असतं म्हणतात, घाण्यावर सगळं हाती येत नाही. तेल निघतं ते काळपट हिरवं, काकवीसारखं घट्ट, उग्र वासाचं. हाताला लागलं की दुसऱ्या दिवशी जेवतानाही वास येतो.

आता डिझेल इंजिनाला तेलाचं वावडं नाही. 1900 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं होतं, आणि ते इतकं बिनबोभाट चाललं की फार थोड्यांच्या लक्षात आलं. हे खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनीच नंतर सांगून ठेवलंय. पण ते जुनं इंजिन. आजच्या नोझलची, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीची, भोकं केसाएवढी. म्हणून मी उंडीचं तेल थेट इंजिनात न घालता आधी नोझल टेस्टरवर लावलं.

नोझल टेस्टर म्हणजे हातानं दांडा दाबायचा पंप, वर प्रेशरचं घड्याळ, आणि समोर नोझल उलटं बसवलेलं. डिझेल भरून दांडा मारला की 200 किलोच्या आसपास नोझल उघडतं, 'किर्र' असा आवाज येतो आणि भोकांतून धुक्यासारखा फवारा उडतो. हा आवाज ऐकूनच मेस्त्री सांगतो की नोझल चांगलं की गेलेलं. फवाऱ्यात हात घालायचा नाही, कातडीतून आत घुसतो. उंडीचं तेल भरून दांडा मारला तर 'किर्र' काही नाही. दांडा जड गेला, घड्याळ वर चढलं आणि नोझलातून सरळ धारा आल्या, पिचकारीसारख्या. फवारा नाही तर नीट जळणार नाही, न जळलेलं तेल पिस्टनवर कार्बन धरणार, रिंगा चिकटणार, आणि खाली ऑइलमध्ये उतरणार. तेल डिझेलपेक्षा दहापटीहून घट्ट आहे, दुसरं काय होणार! चाचांनी मान हलवली. बोलले काही नाहीत.

त्या घट्टपणावर उपाय आहे. मेथॅनॉल आणि कॉस्टिक पोटॅश घालून तेल गरम करायचं. तेलाचा रेणू मोठा, तीन शेपट्यांचा. त्या शेपट्या सुटतात आणि मधलं ग्लिसरीन वेगळं होतं. उंडीच्या तेलात आंबटपणा फार, तिथं थेट कॉस्टिक घातलं की डिझेल राहिलं बाजूला, साबण होतो. म्हणून आधी थोडं सल्फ्युरिक ॲसिड घालून एक फेरी, मग कॉस्टिकची दुसरी. हे गॅरेजमध्ये करायचं काम नाही. मेथॅनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, आणि त्याची ज्योत दिवसा दिसतसुद्धा नाही. भाच्याच्या कॉलेजात एका सरांनी प्रयोगशाळेत स्वतः उभं राहून करून दिलं. रात्रभर ठेवल्यावर काचेच्या भांड्यात दोन थर झाले: खाली काळं, मधासारखं ग्लिसरीन, वर पातळ, पिवळट-तांबडं बायोडिझेल. धुऊन, वाळवून बाटलीत भरून भाचा घेऊन आला.

टेस्टरवर लावलं. दांडा मारला. किर्र!

डिझेलपेक्षा किंचित भरड फवारा, पण फवारा. चाचा खुर्चीवरून उठून बघायला आले.

मग गॅरेजमधल्या जुन्या एक सिलिंडरच्या जनरेटरला डिझेलमध्ये थोडं-थोडं मिसळून द्यायला लागलो. चालतो. धूर कमी दिसतो. निव्वळ बायोडिझेलची ताकद लिटरमागे आठ-दहा टक्के कमी असते, पण एवढ्या मिश्रणात जनरेटरला ते कळतही नाही. एक फायदा तर मेस्त्री म्हणून मला फारच आवडला. हल्लीच्या डिझेलमध्ये गंधक जवळजवळ नाहीच, त्यामुळे ते कोरडं झालंय, कंपनी त्यात वंगणासाठी काहीबाही घालते. बायोडिझेल मुळातच तेलकट. दोन टक्के मिसळलं तरी पंपाला वंगण मिळतं.

आता दुसरी बाजू. बायोडिझेल हवेतलं पाणी ओढतं, आणि बोटीवर दुसरं आहे काय? टाकीच्या तळाशी पाणी साचलं की डिझेल आणि पाण्याच्या मधल्या पट्ट्यात जीव वाढतात. तुम्ही बोटीचा फिल्टर उघडलात तर वाटीत काळी, शेंबडासारखी साय दिसेल. आम्ही सगळे त्याला शेवाळच म्हणतो, पण अंधाऱ्या टाकीत शेवाळ कुठून येणार? ते बॅक्टेरिया आणि बुरशी. डिझेल खाऊनच वाढतात, आणि बायोडिझेल त्यांना जास्त मानवतं. खोल समुद्रात फिल्टर तुंबून इंजिन बंद पडलं आणि वारा उलटा असला, तर पर्यावरणाचा विषय तिथं कुणी काढणार नाही. जुन्या टाकीतला मळही ते धुऊन काढतं आणि तो मळ पुन्हा फिल्टरलाच येतो. जुने रबरी पाइप फुगतात. म्हणून ट्रॉलरमध्ये घालायला मी कुणाला सांगत नाही.

आणि हिशेब उंडीलाही सुटलेला नाही. मावशीच्या झाडांखालच्या बिया गोळा करायला ती, शेजारीण आणि दोन मुलं लागली. फोडायच्या, वाळवायच्या, घाण्यावर न्यायच्या. जे तेल निघालं ते चाचांच्या इंजिनाला तासभरही पुरलं नसतं. फेरीला हजार लिटरच्या वर डिझेल भरणारा माणूस बाटलीकडे बघून हसणारच. शेवाळ पाण्यात पसरलेलं, उंडी किनाऱ्यावर पसरलेली. गोळा करणं, तिथंच सगळे अडतात.

मग कुणी म्हणेल, लागवड करा. केली होती की. मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा, आठवतो का? 2003 च्या सुमारास त्याचा केवढा गाजावाजा होता. त्याआधी 2002 च्या शेवटच्या दिवशी दिल्ली-अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेल मिसळून धावली होती. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय सोनं पिकेल असं सांगितलं गेलं. झाड जगलं, बी आलं नाही. पाणी-खत दिलं तर येतं, पण मग पाणी-खत असलेल्या जमिनीत कुणी एरंड का लावेल? बी विषारी, गुरं खात नाहीत, आणि विकत घ्यायला दारात कुणी येत नाही. शेतकऱ्यांनी उपटून टाकला. बरोबर केलं.

इथेनॉलबद्दल लहान होडीवाले मला विचारतात, कारण आउटबोर्ड मशीन पेट्रोलवर. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल होडीत पडून राहिलं की पाणी धरतं, पाणी फार झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर खाली बसतं, आणि मशीन पहिला घोट तोच घेतं. भरा आणि संपवा, साठवू नका, एवढंच सांगतो. घाटावरच्या उसाचं काय ते घाटावरच्यांनी बोलावं. डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारनंच लगाम घातला होता, एवढं लक्षात आहे.

माशाच्या तेलाचंही होतं. फिशमीलच्या कारखान्यात ते निघतंच. पण ते हवेत लवकर खराब होऊन चिकट बनतं, आणि मुळात डिझेल जाळून बारीक मासळी ओरबाडायची आणि तिचं डिझेल करायचं, हे मला पटत नाही.

राहिलं तळणाचं तेल. हे मात्र गोळा झालेलंच असतं! गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या हॉटेलांत सुरमई आणि कोळंबी तळून काळं झालेलं तेल रोज उरतं. ते पुन्हा-पुन्हा तळायला वापरू नये, बायोडिझेलकडे जावं, म्हणून अन्नसुरक्षा खात्यानं 2018 पासून योजनाही काढली आहे. हॉटेलवाले एकेका डब्यानं देतात, पैसे मागतात, पण देतात. सरांनी त्यातल्या दोन डब्यांचं करून दिलं. उंडीपेक्षा सोपं गेलं, आंबटपणा कमी. धुराला भजीचा वास येतो आणि दुपारी पोरांना भूक लागते, एवढीच तक्रार.

सध्या जनरेटर 20 टक्के मिश्रणावर चालू आहे. टाकीचं पाणी दर आठवड्याला काढतो, फिल्टरची वाटी पोरांना उघडून दाखवायला लावतो. ग्लिसरीनचं काय करायचं ते ठरलेलं नाही. त्यात मेथॅनॉल राहिलेलं असतं, त्यामुळे मावशीला द्यायचं नाही हे नक्की. चाचांनी विचारलंय की लिटर कितीला पडतं. मेथॅनॉलचा भाव, हॉटेलवाल्याचा डबा आणि सरांनी न घेतलेली मजुरी धरून हिशेब मांडतोय. मजुरी खरी धरली तर आज पंपावरच्या डिझेलपेक्षा महाग पडतं, हे त्यांना सांगून टाकलंय. ते म्हणाले, "मग आधी माझं बूड खरवड."

खरवडून झालंय, रंगाचा दुसरा हात बाकी आहे. जनरेटरचं नोझल दिवाळीच्या सुमारास उघडणार. कार्बन किती धरला त्याचे फोटो इथंच टाकीन. कुणाकडे उंडीच्या बिया फोडायचं एखादं हातमशीन असेल तर कळवा, मावशीनं विचारलंय.